बेगडी

“गिटार आहे ती, पोळ्याचा बैल नाही.”

एवढंच बोललो मी. आवाजही चढवला नव्हता. श्रावणातली झड तिसऱ्या दिवशीही धरून होती, छपरीच्या पत्र्यावरून धारा लागल्या होत्या आणि जिथं पूर्वी आमची बैलजोडी बांधायचो तिथंच, वाशाला तारेनं टांगलेलं गिटारचं धड ओल्या हवेत हळूहळू फिरत होतं. मुलगी त्याच्यासमोर उभी होती. डाव्या तळहातावर चमकीची उघडी पुडी, उजव्या हाताच्या चिमटीत थोडी चमकी. माझं बोलणं ऐकून तिनं चिमूट पुडीत परत सोडली. बोटांना चिकटलेले कण पुडीच्या काठावर घासून आत पाडले. पुडीला चार घड्या घातल्या, केसांतली क्लिप काढून तिला लावली, पुडी खिडकीत ठेवली आणि दप्तर घेऊन शाळेत निघून गेली.

ती क्लिप दिवसभर माझ्या डोळ्यांसमोरून हलली नाही.

धडाच्या मधोमध, तारा जिथं टेकतात त्या घोडीच्या जागेपासून थोडा वर, तळहाताएवढा फिकट डाग पडला होता. चूक माझी होती. दोन फळ्या जोडताना सांध्यातून फेव्हिकॉल बाहेर आला आणि मी तो ओल्या फडक्यानं पुसला. पुसला म्हणजे पसरवला. तो लाकडाच्या बारीक छिद्रांत जाऊन बसला आणि वाळल्यावर दिसेनासा झाला. त्यावरून रंधा फिरला, १२० चा पेपर फिरला, १८० चा फिरला, २४० चा फिरला, लाकूड हाताला रेशमासारखं लागू लागलं, तरी तो होता तिथंच होता. असा डाग कोरड्या लाकडात दिसत नाही. रंग फिरवला की सगळं लाकूड घटाघटा पितं आणि तेवढी जागा तोंड मिटून बसते. माझे वडील सुतार. बाहेर आलेला फेव्हिकॉल दह्यासारखा घट्ट होऊ द्यायचा आणि मग पटाशीनं अलगद उचलायचा, हे त्यांनी मला शंभरदा दाखवलं होतं. डाग पाहून मुलगी सहज म्हणाली, “बाबा, चमकी लावू ना हिला. मस्त दिसते.” तिच्या डोक्यात चमकी आधीपासून होती, पुडी तिनं आठवड्याच्या बाजारातून केव्हाच आणून ठेवलेली. मला मात्र त्या क्षणी माझा डागच दिसत होता. मला वाटलं, ही माझी चूक झाकायला निघाली.

फळी वडिलांची. शिवणीची. ते जाऊन अकरा वर्षं झाली; ती तेव्हापासून माळ्यावर, धानाच्या कणग्यांच्या वर, जाड दोरीनं बांधून पडून होती. आमच्या जिल्ह्यात सागाचं कौतुक कुणाला सांगायला नको. मार्च २०२३ मध्ये अयोध्येच्या मंदिरासाठी शेजारच्या जिल्ह्यातल्या बल्लारपूरच्या लाकूड-आगारातून साग निघाला तेव्हा त्या लाकडांची पूजा झाली, शोभायात्रा निघाली, बायका दुतर्फा उभ्या होत्या. शिवणीच्या वाट्याला असं काही येत नाही. ती फिकट, ताकात हळदीचं बोट बुडवावं तशी पिवळसर. वजनाला हलकी, कापायला मऊ आणि एकदा वाळली की वाकत नाही, फाटत नाही. वडील लहान मुलांचे नंदीबैल तिचेच करायचे. म्हणायचे, पोराच्या हातून पडला तरी पायावर जड होऊ नये. गिटारचं धड शिवणीचं करायचं हे मी त्यांच्याच हिशेबानं ठरवलं. नववीतल्या मुलीच्या खांद्याला तास-तास ओझं नको. मान तेवढी सागाची, पडक्या घराच्या जुन्या चौकटीतून काढलेली, कारण तारांचा ताण सोसायचा तर सागच पाहिजे.

गिटार करण्याची कहाणी फार मोठी नाही. मुलगी दोन वर्षं मोबाईलवर पाहून शिकत होती, आतेभावाची जुनी गिटार आणून वाजवायची, ती त्यानं परत नेली. मग आम्ही दोघांनी वही घेतली. तारेची लांबी ६४८ मिलिमीटर धरली, तिला १७.८१७ नं भागलं, पहिला पडदा, म्हणजे मानेवरची पहिली आडवी पट्टी, ३६.३७ वर आला. उरलेल्या लांबीला पुन्हा भागलं, दुसरा आला. असं करत करत बारावा पडदा बरोबर ३२४ वर, तारेच्या मध्यावर येऊन बसला तेव्हा ती वही घेऊन आईला दाखवायला स्वयंपाकघरात पळाली. चुंबकाचे पिकअप, खुंट्या, घोडी हे सामान पार्सलनं मागवलं. करवत, रंधा, गिरमिट घरचंच होतं. उन्हाळ्याच्या सुट्टीत सुरुवात केली आणि आषाढ संपता संपता रंगावर आलो. रंगाला पावसाळा वाईट, हे मला माहीत होतं. तिला थांबवत नव्हतं.

रंग म्हणजे रंगच, पेंट नव्हे, हे मी तिला पहिल्या दिवशीच सांगितलं. पेंट लाकडावर बसतो, रंग लाकडात उतरतो. त्यातून रेषा, गाठ, वळण सगळं आधीपेक्षा ठळक होऊन वर येतं. सुरुवात पळसापासून केली. फाल्गुनात आईनं फुलं वाळवून डब्यात ठेवलेली. ती उकळून एका तुकड्यावर लावली तर असा पिवळा-केशरी उतरला की आम्ही तिघंही गप्प झालो. मी तो तुकडा आठ दिवस उन्हाच्या भिंतीला टेकवून ठेवला. आठव्या दिवशी तो तणसासारखा झाला होता. पळसाचा रंग उन्हाला टिकत नाही. होळीपुरता तो फार चांगला. मग स्पिरिटमध्ये विरघळणारी रंगाची पूड आणली, मधल्या भागासाठी केशरी. काठासाठी काळा मात्र घरीच केला. हिरडा कुटून उकळला, ते पाणी लाकडाला पाजलं, वाळू दिलं. दुसऱ्या डब्यात गंजके खिळे जुन्या शिरक्यात आठ दिवस भिजत घातले होते, ते पाणी त्यावरून फिरवलं. ब्रश पुढे सरकायचा आणि त्याच्यामागे लाकूड राखाडी, मग निळसर, मग काळं होत जायचं. हिरड्यातला तुरटपणा आणि लोखंड एकत्र आले की शाई तयार होते. आपल्याकडे जुन्या काळी लिहायची शाई अशीही केली जायची. मुलगी ब्रशच्या पुढे नाक नेऊन बघत होती. शिरक्याचा वास घरभर.

रंग लावायच्या आधी लाकूड एकदा ओलं करून वाळवायचं असतं, म्हणजे उभे राहणारे तंतू आधीच उभे राहतात आणि ते घासून काढता येतात. डाग खरं म्हणजे तेव्हाच दिसायला हवा होता. पण त्या संध्याकाळी लाईट गेली होती, मी मोबाईलच्या उजेडात हात फिरवला आणि झालं म्हटलं. दुसऱ्या दिवशी केशरी लावला आणि तो फिकट तळहात वर आला.

मुलगी शाळेत गेल्यावर मी पुन्हा त्या धडापाशी उभा राहिलो. माझ्याही शाळेची वेळ झाली होती, मोटारसायकल काढायची होती. पण मी जे बोललो ते कुठून आलं, ते मला समजेना. ‘पोळ्याचा बैल’ हा आमच्या घरात अपमान नव्हता कधी. आमच्या घरी पोळ्याच्या बैलाइतकं कोणीच सजत नव्हतं, नवरीसुद्धा नाही.

मग ती पेटी आठवली.

१९९६ साली माझा डी.एड.ला नागपूरला नंबर लागला. घरातून पहिल्यांदाच कोणी शिकायला एवढं लांब जाणार. वडिलांनी वसतिगृहात न्यायला मला लाकडी पेटी करून दिली. आंब्याच्या फळ्या, कोपऱ्यांना पत्र्याच्या पट्ट्या, आत कप्पा. वरून पोपटी रंग, झाकणाच्या चारही कडांना सोनेरी बेगडीची पट्टी आणि मधोमध बेगडीतच कातरलेलं फूल. पोळ्याला बैलाच्या शिंगांना लावायची तीच बेगड, त्याच कात्रीनं कातरलेली. खोलीत आम्ही चौघं. बाकी तिघांच्या पत्र्याच्या पेट्या, करड्या आणि निळ्या. कोणी मला काही वाईट बोललं नाही, हे मला नीट आठवतं. एकानं एवढंच विचारलं, “ही लग्नातली आहे का?” त्याच आठवड्यात मराठीच्या तासाला एका कवितेवर बोलताना सरांनी ‘बेगडी’ हा शब्द फळ्यावर लिहिला. बेगडी प्रेम, बेगडी देशभक्ती. अर्थ : वरवरचं, खोटं, दिखाऊ. शब्द मला ठाऊक होता, तरी तो त्या दिवशी मला माझ्याच पेटीवर लिहिल्यासारखा दिसला. रविवारी खोली रिकामी असताना मी दाढीच्या ब्लेडनं बेगड खरवडली. फूल काढलं, पट्ट्या काढल्या, मग बाजारातून पेपर आणून पोपटी रंगही घासला. चार तास लागले. खालून आंब्याचं लाकूड निघालं, ते मला फार चांगलं वाटलं. साधं. शहाण्या माणसाच्या खोलीत शोभेल असं.

दिवाळीच्या आधी वडील भेटायला आले. कोथळीत चिवडा, मोहाची फुलं भाजून केलेले लाडू. पेटीवरच बसले, दुसरी जागा नव्हती. बोलता बोलता त्यांचा अंगठा झाकणाच्या कडेवरून फिरू लागला. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेला आणि परत आला. ते म्हणाले, “पेपर कोणता मारला?”

मी म्हटलं, “ऐंशीचा.”

“मंग दीडशेचा मारा लागते त्याच्यावर,” ते म्हणाले. “रेघा रायल्या.”

त्यावर आम्ही दोघंही आयुष्यात पुन्हा कधी बोललो नाही.

त्या दोन वर्षांत मी आणखीही बरंच काही खरवडलं. आमच्या पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीची नाटकं आम्ही रात्र-रात्र पाहायचो, दिवाळीनंतर वडशाहून कंपन्या निघाल्या की शंकरपटाच्या, म्हणजे बैलांच्या शर्यतीच्या गावी, मंडईच्या गावी, थंडीत पोतं अंगावर घेऊन. नटाच्या कोटावरची चमकी दिव्यात हलली की मागच्या रांगेतून शिट्टी यायची. नागपूरला कोणी विचारलं तर मी म्हणायचो, आमच्याकडे काही नाही तसं. पुढे २०२३ साली आमच्याच जिल्ह्यातल्या परशुराम खुणे यांना झाडीपट्टीच्या रंगभूमीसाठी पद्मश्री मिळाली, तेव्हा मी शाळेत परिपाठाला उभा राहून मुलांना अभिमानानं सांगितलं. खरं सांगतो, सांगताना घसा भरून आला होता. त्यात अभिमान होता आणि दुसरंही काही होतं.

संध्याकाळी शाळेतून आलो तर आई छपरीत खाटेवर बसून त्या धडाकडे बघत होती. सकाळचं सगळं तिनं आतून ऐकलेलं. तिनं सरळ विचारलं, “काहून रे, बैलाले वाईट दिसते का बेगड?”

मी काही बोललो नाही. तीच बोलत राहिली. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेशेकणी. बैलाच्या खांद्याला, वर्षभर जू घासून घट्टे पडलेल्या त्या काळ्या जागेला, हळद आणि तूप चोळायचं, आणि त्याच्या कानाशी म्हणायचं, आज आवतन घ्या, उद्या जेवायले या. ते म्हणणं वडिलांचं काम. मग शिंगं. आईनं हातानं करून दाखवलं : आधी काचेच्या तुकड्यानं शिंग खरवडायचं, वरचा खरबरीत थर जाऊन आतलं गुळगुळीत, मधासारखं दिसू लागेपर्यंत. मग धुवायचं. मग तेल. मग हिंगुळाचा रंग. तो वाळला की खळ लावून बेगड, टोकाकडून बुडाकडे, प्रत्येक पट्टी आधीच्या पट्टीवर थोडी चढवून. मी ऐकता ऐकता थांबलो. काचेच्या तुकड्यानं खरवडणं, पुसणं, रंग. गेले दोन महिने मी गिटारला जे जे केलं ते मी या जागी बसून, बैलाचं डोकं मांडीशी धरून शिकलो होतो. पेपर बाजारातून आला तो नंतर. धडाच्या कडा मी काचेनंच गोल केल्या होत्या आणि हे मला कुठून येतं असं मनातही आलं नव्हतं. शेवटचं बेगडीचं काम तेवढं मी वगळलं होतं.

रात्री झोप येईना म्हणून मोबाईलवर शोधत बसलो. अमेरिकेतल्या ग्रेच कंपनीनं १९५० च्या दशकात ड्रमवर गुंडाळायचा चमकीचा प्लास्टिकचा पापुद्रा घेतला आणि ‘सिल्व्हर जेट’ नावाच्या गिटारच्या दर्शनी भागावर चिकटवला. फेंडरवाले मोटारगाड्यांना मारायचे ड्यूपॉंटचे रंग गिटारला मारायचे. हाताशी जे चकाकणारं होतं ते त्यांनी आपल्या वाद्याला लावलं. आपल्याकडे मिरजेचा तंबोरा पाहा, २०२४ मध्ये त्याला भौगोलिक मानांकन मिळालं. त्याच्या भोपळ्यावर पानं कोरतात, कडांना पांढरी नक्षी बसवतात. त्यानं सूर कमी होतो असं कोणी म्हणत नाही. पहाटे उठून मी खिडकीतली पुडी घेतली, क्लिप काढली आणि मुलीच्या उशाशी ठेवली. पुडी माझ्या हातात राहिली. ती उठल्यावर म्हटलं, “ही चमकी चालते का ते पाहू आधी.” तिनं माझ्याकडे जरा वेळ पाहिलं, मग स्वयंपाकघरातून वाटी आणली.

चालत नव्हती. वाटीत थिनर घेऊन चिमूटभर टाकली तर दहा मिनिटांत थिनर गुलाबी आणि चमकी पांढरीफटक. ग्रीटिंग कार्डांवरची ती चमकी, तिचा रंग वरच्या वर असतो, थिनर लागलं की सोडते. मग आम्ही दोघं रविवारच्या एसटीनं नागपूरला गेलो. ब्रह्मपुरी, नागभीड, भिवापूर, उमरेड, सगळीकडे धानाची रोवणी आटोपलेली आणि बांध्यांत पाणी साचलेलं. चितार ओळीत गणपतींची घाई चालली होती. प्लास्टिकच्या छताखाली डोळे न काढलेले शंभर गणपती, ओल्या मातीचा वास, आणि एका बाजूला तान्ह्या पोळ्यासाठी आलेले लाकडी नंदी, मनगटाएवढ्यापासून गुडघ्यापर्यंतचे. एका म्हाताऱ्या मूर्तिकारांना विचारलं, चमकी कुठं मिळेल. त्यांनी मुकुटावरचा हात न उचलता विचारलं, “कशावर लावता? मातीवर का लाकडावर?” लाकडावर म्हटल्यावर त्यांनी आतून एक बरणी आणायला लावली. सोनेरी-तांबूस, बारीक, रव्यापेक्षा बारीक. “ही थिनरले घाबरत नाही,” ते म्हणाले, “पण वरून दाबून लाख द्या, नाही तं हातात येते.” मुलीनं गिटार म्हटल्यावर त्यांनी पहिल्यांदा मान वर केली आणि तिलाच विचारलं, “तू वाजवते काय बाई?” पैसे थोडे कमी घेतले.

चमकी बसवणं हे रंगापेक्षा अवघड काम निघालं. रंग स्पिरिटचा असल्यामुळे त्यावर चपडीची पोटली फिरवली की तो ओढला जातो. तुकड्यावर पाहिलं तर काठाचा काळा पार मधल्या केशरीत आला होता. चपडीसुद्धा स्पिरिटातच विरघळलेली लाख, तेव्हा ती खालचा रंग सैल करणारच. पळसाला, कुसुमाला लागणाऱ्या एवढ्याशा किड्यांची ही लाख, तिच्यावर गोंदियाचे कारखाने चालले, वडिलांच्या कपाटाला, पाळण्याला तीच. ती सोडायची माझी इच्छा नव्हती. मोटारसायकली रंगवणाऱ्या एका ओळखीच्या पोरानं त्याचं स्प्रे गन आणि छोटं मशीन दोन दिवसांसाठी दिलं. फवाऱ्यानं चपडीचे दोन पातळ थर दिले, हात लागला नाही, रंग हलला नाही. त्यावर पारदर्शक लॅकर. तो ओला असताना धड टेबलावर आडवं ठेवलं आणि मुलीनं चहाच्या गाळणीतून चमकी सोडली. गाळणीच्या काठावर तिनं बोटानं टकटक करायचं, मी टेबल फिरवायचं. काठाला दाट, आत येईल तशी विरळ. डागाजवळ आलो तेव्हा मी म्हटलं, “इथं टाक थोडी जास्त.”

“तो राहू द्या ना,” ती म्हणाली. “चमकी कडेनंच. मी पहिल्यांदापासून तेच म्हणत होती.”

टेबल फिरवायचं मी विसरलो. तिनं एका हातानं स्वतःच फिरवलं आणि टकटक सुरू ठेवली.

त्यानंतर झाली ती पावसाळ्याशी झटापट. तिसऱ्या थराला लॅकर पांढरं पडलं, अंगावर साय धरावी तसं. दमट हवेत थिनर उडताना पृष्ठभाग थंड पडतो, हवेतलं पाणी त्यावर बसतं आणि थरात अडकतं. चार दिवस उन्हाची वाट पाहिली. ऊन आलं तशी साय आपोआप निवळली, त्यावर हलका थर दिल्यावर चमकी पाण्याखालच्या वाळूसारखी दिसू लागली. आणि मग मी घाई केली. चारच थर झाले होते, वर हात फिरवला तर चमकीचे कण टोचत होते, म्हणून ४०० चा पेपर घेतला. दहा-बारा घासांतच कणांची डोकी कापली गेली. वरचा सोनेरी रंग जाऊन खालचा ॲल्युमिनियमचा पांढरा उघडा पडला, काठावर बोटभर लांब पट्टी राखाडी. कण पूर्ण बुडेपर्यंत थर द्यायचे आणि मगच घासायचं, एवढाच नियम, तो मी मोडला. मुलीनं लॅकरमध्ये केशरी रंगाचा थेंब टाकून, सर्वात बारीक ब्रशनं ती पट्टी तासभर टिपत बसून सारखी केली. पुढे आणखी सात थर दिले, दहा दिवस हात लावला नाही, मग ८०० चा, १००० चा, २००० चा पेपर पाण्यात भिजवून फिरवला. सांडलेली चमकी आईच्या केसांत, भातात, माझ्या हजेरीपटात सापडायची. हे शेवटी प्लास्टिक आहे आणि नालीतून वैनगंगेत जाणार, याची मला खंत वाटत राहिली. रोज संध्याकाळी ओल्या फडक्यानं टेबल, फरशी पुसून ते पाणी कापडातून गाळायचं आणि गाळ बाटलीत भरायचा, असं ठरवलं. ती बाटली अजून आहे.

पोळ्याच्या दिवशी गिटार जोडून झाली नव्हती, धड छपरीतच टांगलेलं. आमच्या घरी बैल नाहीत आता. वडिलांमागे दोन वर्षांनी जोडी विकली. शेजारच्यांची जोडी तोरणाखालून सुटली की पहिल्यांदा आमच्या दारी येते, आई त्यांचे पाय धुते, पुरणपोळी खाऊ घालते. दाराला पळसाचे मेढे लावलेले. बैल छपरीच्या कडेला येऊन उभा राहिला, उन्हाची तिरीप आत आली, आणि त्याच्या शिंगांची बेगड आणि वाशाला टांगलेलं ते धड एकाच वेळी पेटल्यासारखं झालं. बैलानं मान हलवली, घुंगरं वाजली. आई त्याच्या कपाळाला कुंकू लावत होती, तिचं लक्ष तिकडे नव्हतं. मुलीचं होतं.

दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मागायला पोरं आपापले नंदी ओढत दारोदार फिरत होती. आमच्या छपरीपाशी येऊन सगळी थांबली. सगळ्यात लहान पोट्टा, नंदी त्याच्या उंचीच्या निम्मा, हळूच म्हणाला, “माह्या बैलाले लावून द्या ना ते.” मुलगी बरणी घेऊन बसली. बारीक ब्रश पाहिजे होता. वडिलांचे ब्रश मी त्यांच्या हत्यारांबरोबर त्या आंब्याच्या पेटीत ठेवलेत. पेटी माळ्यावरून खाली काढली. पोरं भोवती. झाकण उघडायला मुलीनं बिजागरीवरची धूळ पुसली आणि थांबली. बिजागरीच्या पत्र्याखालून, जिथं तेव्हा ब्लेड पोहोचलं नव्हतं, नखाएवढी सोनेरी पट्टी बाहेर डोकावत होती, आणि तिच्या कडेला पोपटी रंगाची रेघ.

“हे काय आहे?” तिनं विचारलं.

मी तिला सांगितलं. फूल होतं, पट्ट्या होत्या, कोणी कातरल्या, कोणी खरवडल्या. पोरांसमोरच सांगितलं. ती ऐकत होती, आणि ऐकता ऐकता तिचा अंगठा त्या नखाएवढ्या जागेवरून फिरत होता, पुढे, मागे. मग तिनं नखानं कड उचलून पाहिली. उचलली गेली नाही.

“इतक्या वर्षांत निघाली नाही,” ती म्हणाली. “आबांनी चिकटवली कशानं होती?”

मला आठवेना. मी आत पाहिलं.

“चिंचोक्याची खळ,” आई चुलीपाशून म्हणाली. “चिंचोके रातभर भिजवा लागते.”